टोक धरायला माणूस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वासराचं दावं.

नायलॉनच्या दोरीनं वासराची मान सोलली होती. शालन म्हणाली, "माझं जुनं लुगडं हाय, त्याचं वळूया." तिनं लुगडं मधोमध फाडलं आणि अर्ध्याच्या तीन पट्ट्या केल्या. लुगड्याचं दावं एकट्याला वळता येत नाही. एकानं टोक घट्ट धरून बसायचं, दुसऱ्यानं पीळ भरत जायचं. पीळ भरलेला असताना कुणी एकानं सोडलं की सगळं उलगडून गुंता होतो, मग पहिल्यापासून करा. आमच्या घरात टोक कायम शालन धरायची. मी म्हणायचो, "ओढ जरा." ती म्हणायची, "ओढलंय की." त्या दिवशीही एवढंच बोलणं झालं. दावं वासराला बांधलं. म्हशीच्या रेडकालाही एक पाहिजे होतं, पण दिवस मावळला. उरलेलं अर्धं लुगडं तिनं घडी करून गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "ह्याचं उद्या."

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली.

शालन काय करायची ते आधी सांगतो, म्हणजे मी म्हातारपणी जयसिंगपूरकडच्या एका गावाला कशाला गेलो ते कळेल. कोडोलीपासून चार मैलांवर आमची वाडी. अकरा वर्षांपूर्वी आमच्या बांधाशेजारच्या मारुतीनं शेताकडं जायची पाणंद काटेरी कुंपण घालून बंद केली. वाट माझ्या हद्दीतनं जाते असं त्याचं म्हणणं. बायकांना वैरणीचे भारे घेऊन ओढ्यातनं यावं लागायला लागलं. गडीमाणसांनी शिव्या दिल्या, अर्ज केले आणि गप्प बसले. शालन काही बोलली नाही. तिनं खाली बसायला एक पोत्याचं बसकूर घेतलं, पाटीभर लसूण घेतला आणि कुंपणासमोर जाऊन सोलत बसली. दुसऱ्या दिवशी नऊ बायका बसल्या. कुणी गहू निवडतंय, कुणी वाकळ शिवतंय. घोषणा नाही, शिवी नाही. तिचा नियम एकच होता, हातात काम घेतल्याशिवाय बसायचं नाही. रिकामा हात उठतो, असं ती म्हणायची.

चौथ्या दिवशी मारुती आला आणि शालनला काहीतरी बोलला. काय बोलला ते लिहीत नाही, आता ते एवढं मोठं वाटत नाही. मी बांधावर उभा होतो, नुसता बघत. खाली आलो आणि त्याच्या थोबाडीत दिली. एक दात पडला. पोलीस आले. तक्रारीत बायकांचीही नावं गेली, त्यांच्या घरच्यांनी त्यांना उठवून नेलं आणि दोन पावसाळे वाट बंद राहिली. शालन मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आमी चार दिवस बसलो. तुमाला अर्धा मिनिट हुबं ऱ्हाता आलं न्हाय."

पुढं वाट उघडली. मारुतीनं स्वतःच्या हातानं कुंपण काढलं. का काढलं ते मला माहीत नव्हतं. शालनला माहीत होतं, पण मी विचारलं नाही. मारुतीशी मी अकरा वर्षं बोललो नाही आणि तोही माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर गावोगावच्या बायका शालनला बोलवायला लागल्या. तिला सहीसुद्धा येत नव्हती. बसकूर बगलेत मारून ती एस.टी.नं जायची, दोन-चार दिवसांनी यायची. मला कधी बरोबर नेलं नाही. मीही चल म्हणालो नाही.

निघालो

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी तिचा मोबाईल वाजला. तो माझ्या खिशात होता, का ते विचारू नका.

"शालनअक्का, कवा येतायसा?" पलीकडची बाई म्हणाली.

"ती वारली," मी म्हणालो. "मी तिचा मालक बोलतोय."

मग ती म्हणाली, "मग आता आमी काय करायचं वं?"

मला राग आला. माणूस मेलंय म्हणून सांगतोय तर हिला आपलंच पडलंय. फोन ठेवला. पण जेवताना तेच डोक्यात. त्या बाईनं खोटं काही विचारलं नव्हतं. मीही पंधरा दिवस तेच विचारत होतो, फक्त मोठ्यानं नाही.

त्याच नंबरला फोन लावून गाव विचारलं आणि सुनेला म्हणालो, "बसकूर त्यास्नी नेऊन देतो, सांच्यापातूर परत येतो." सून म्हणाली, "आबा, एकटं जाताय?" मी म्हणालो, "मग कुनाला घिऊन जाऊ?" ती आत गेली. बोलल्यावर वाईट वाटलं, पण बोलून झालं होतं.

जयसिंगपूर

कोल्हापूरपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. जयसिंगपुरात उतरलो. तिथले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. आमच्याकडं रस्ता डोंगराला विचारून जातो, इथं डोंगरच नाही. नजर जाईल तिकडं ऊस आणि वर नुसतं आभाळ. मला जरा उघड्यावर आल्यासारखं वाटलं.

स्टँडबाहेर वडापवाले, म्हणजे जीपमधे माणसं भरून नेणारे, ओरडत होते. गावाचं नाव सांगितलं तर एकानं माझ्या हातातलं बसकूर बघितलं आणि म्हणाला, "काय पावणं, जागेची गॅरंटी न्हाय म्हणून आसन घरनंच आनलंय व्हय?" सगळी जीप हसली. मी बसकूर मांडीवर घेऊन बसलो. वाटेत मी चुकून एक फाटा आधीच उतरलो आणि दोन मैल चालावं लागलं. जमीन काळीभोर, चपलेला धरून बसणारी. पण मधेच काही शेतं पांढरी पडलेली, कुणी मीठ पेरल्यासारखी. एका गुराख्याला विचारलं तर म्हणाला, "पानी पाजून पाजून मारली, अण्णा." आमच्याकडं पाण्याविना मरते. मरायला काही ना काही मिळतंच.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. प्रकरण अजून चालू आहे.

गायरानाची वाट

गावाच्या बाहेर गायरान आहे, म्हणजे गावाच्या गुरांनी चरायची जागा. तिथली माती कुणी एक ठेकेदार वीटभट्टीसाठी काढत होता. एवढा खड्डा झालाय की त्यात आमची वाडी बसेल. खड्ड्यात पाणी साठलंय आणि त्यात एक म्हैस बुडून मेली, तिथनं बायका बसायला लागल्या. डंपर जायची वाट एकच, ती ओढ्यातनं जाते. रात्री डंपर त्यात रुततो म्हणून दिवसाच जातात. तर दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बायका त्या वाटेवर बसून. परवा तहसीलचे साहेब खड्डा बघायला येणार होते. तोवर एकही डंपर आत जाऊ द्यायचा नाही आणि भांडणही होऊ द्यायचं नाही. भांडण झालं की पोलीस वाट मोकळी करणार आणि साहेब यायच्या आत ठेकेदार खड्ड्याचं तोंड बुजवून टाकणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी पोचलो तेव्हा बावीस-तेवीस बायका होत्या. कुणी रडलं नाही. फोन करणारी पुढं आली. सुशीलाअक्का तिचं नाव, साठीची, अंगानं बारीक, जैन शेतकऱ्याच्या घरची. तिनं दोन्ही हातांनी बसकूर घेतलं आणि रस्त्याच्या मधोमध एक जागा रिकामी होती तिथं अंथरलं. त्यावर कुणी बसलं नाही.

एक फार म्हातारी बाई होती, गौरव्वा. तोंडात दात नाही, पण तोंड बंद नाही. ती माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "हेच काय गं ते थप्पडवालं?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मला कळेना. सुशीलाअक्का म्हणाली, "तसं न्हवं अण्णा. शालनअक्का जिथं जाईल तिथं पयली तुमची गोष्ट सांगायची. माझ्या नवऱ्यानं एक थप्पड मारली आनि दोन पावसाळं वाट बंद ऱ्हायली. म्हणून गड्यांनी बसायचं न्हाय."

"सगळ्या गावात सांगायची?"

"सगळ्या," गौरव्वा म्हणाली. "दात कुठला पडला त्ये पन सांगायची. वरचा, डावीकडचा."

नऊ वर्षं मी घरात बसून ही कुठं जाते म्हणत होतो. मीच गावोगाव फिरत होतो.

परत जायचं होतं, पण शेवटचं वडाप निघून गेलेलं. सुशीलाअक्काच्या घरी राहिलो. साडेपाचला ती म्हणाली, "अण्णा, जेवून घ्या." मी म्हणालो, "एवढ्यात? जरा पाराकडं जाऊन येतो." आलो तर चूल सारवून झालेली, भांडी घासून पालथी. त्यांच्यात दिवस मावळल्यावर कुणी खात नाही, अंधारात जीव-जंतू पोटात जातो म्हणून. आमच्याकडं दिवस मावळल्यावर चूल पेटते. ती म्हणाली, "तुमाला करून देऊ का चार घास?" मी म्हणालो, "नको, भूक न्हाय." भूक होती. पाणी पिऊन झोपलो.

दुसरा दिवस

सकाळी जायला निघालो. वाट त्या बायकांसमोरनंच जाते. गौरव्वानं हाक मारली, "इकडं या. रातभर उपाशी झोपलाय म्हणं." तिनं ज्वारीची भाकरी दिली, कागदासारखी पातळ आणि कडक, आणि नदीकाठच्या वांग्याचं भरीत. आमच्याकडं भात आणि नाचणी. ज्वारी असली तरी आमची भाकरी तळहाताएवढी जाड. इथली मोडली की आवाज येतो. खाताना ती म्हणाली, "उपाशी मानसाचा हात लवकर उठतो. पोटभर खावा आनि मग जावा."

मी खात होतो आणि ते रिकामं बसकूर दिसत होतं. म्हणालो, "मी बसू का तिच्या जागेवर? एक दिवस."

सुशीलाअक्का खाली मान घालून गहू निवडत होती. ती म्हणाली, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. पन तुमचा एक हात उठला तर आमचा महिना गेला."

"म्हायतंय मला."

"नुसतं म्हायतंय म्हणून कसं?"

ती खरं बोलत होती. मी स्वतःला ओळखतो. बैलाला, पोराला, एकदा एस.टी.च्या कंडक्टरला, माझा हात कधी विचारून गेला नाही. शालनवर मात्र उठला नाही. पण हे काही सांगायचं प्रमाणपत्र नव्हे.

गौरव्वाच म्हणाली, "बसू दे की गं. ह्ये बसलं तर दुनियेत कुनीबी बसंल."

बसलो. काम पाहिजे म्हणून लसूण दिला. माझ्या बोटांना ते जमेना, अर्धी पाकळी सालीबरोबर जायची. गौरव्वा म्हणाली, "लसूण सोलायलाय का मारायलाय?" शेंगा दिल्या तर मी फोडताना दाणेच खाल्ले. मग मी म्हणालो, "जुनी लुगडी हायत का कुनाकडं? दावं वळतो."

तासाभरात पाच-सहा लुगडी आली. त्या भागात आता सगळ्यांच्या गोठ्यात नायलॉन. लुगड्याचं दावं बायकांनी माहेरी बघितलेलं, वळता कुणालाच येत नव्हतं. मी पट्ट्या फाडल्या. पहिली पट्टी हातात घेतली आणि थांबलो.

"काय झालं?" गौरव्वा म्हणाली.

"दुसरं टोक धराय लागतं."

"मग आना की हिकडं."

तिचे हात वाळक्या काटक्यांसारखे, पण तिनं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून दोन्ही मुठीत धरलं. मी सवयीनं म्हणालो, "ओढ जरा." ती म्हणाली, "मी काय तुमची बायको हाय? जरा नीट सांगा." मी म्हणालो, "ओढा जरा." त्या दिवशी चार दावी झाली.

अकराच्या सुमाराला ठेकेदाराचा मुकादम मोटारसायकलवरनं आला. तिशीतला गडी, अंगठ्या घातलेला. लांबूनच म्हणाला, "पोलीस साहेबाला सांगितलंय. सगळ्यास्नी गाडीत घालून कळंब्याच्या जेलात नेणार हायत."

गौरव्वा म्हणाली, "चांगलं हुईल की. तिथं तळं बी हाय म्हणं. बगितलं न्हाय मी अजून."

मुकादम गेला. मला हसू आलं. शालन गेल्यापासून पहिल्यांदा, हे मला दुपारी लक्षात आलं.

मुक्काम वाढला. त्या दिवशी साडेपाचला बिनबोलता जेवलो.

तिसरा दिवस

साहेब दुपारी येणार. सकाळी नऊला मुकादम आला, आणि त्याच्या मागं डंपर. डंपर बायकांपासून दोन हातांवर येऊन थांबला. इंजिन चालूच. धुराचा भपका तोंडावर येत होता. एकही बाई हलली नाही. मी आणि गौरव्वा मधोमध होतो. पट्टीत पीळ भरत आणलेला, आता फक्त दुमडून वळायचं राहिलेलं. हा सगळ्यात अवघड टप्पा. पट्टी सापासारखी ताठ झालेली असते आणि दोन्ही टोकांना सारखी ओढ लागते.

मुकादम खाली उतरला. सोललेल्या लसणाच्या पाटीला त्यानं लाथ मारली. पाकळ्या धुळीत पसरल्या. सुशीलाअक्का त्या एकेक वेचायला लागली. त्यानं त्याचं समाधान झालं नाही. मग तो माझ्यासमोर आला. त्याचा एक पाय बसकुराच्या काठावर होता.

"ती कोडोलीकडची म्हातारी मेली म्हणं," तो म्हणाला. "लोकांच्या वाटा अडवून अडवून शेवटाला तिची वाट लागली. बरं झालं. तुमीबी घरला जावा आता."

मी कोण ते त्याला माहीत नव्हतं.

मी उठलो. खोटं लिहिणार नाही, अर्धा उठलो. गुडघा वर आला आणि उजवा हात मोकळा करायला पट्टी डाव्या हातात घ्यायला गेलो. तेवढ्यात पट्टीला झटका बसला आणि मधे एक वेटोळं उसळलं.

गौरव्वा बसा म्हणाली नाही. मारू नका म्हणाली नाही. तिनं पट्टीकडं बघितलं आणि म्हणाली, "पीळ सुटंल."

पलीकडं ती टोक धरून बसली होती. ऐंशीच्या पुढची बाई, अंगठा लालभडक झालेला, पण सोडलं नव्हतं. मी सोडलं असतं तर सगळा पीळ उसळून तिच्या अंगठ्याभोवती आवळला असता. मी खाली बसलो. हे चांगुलपणानं केलं असं मी म्हणत नाही. दावं बिघडलं असतं, आणि त्या बाईचा अंगठा मोडला असता. एवढंच डोक्यात होतं.

मुकादमाला म्हणालो, "पाय काढ. त्याच्यावर बसायचं असतंय."

"आनि न्हाय काढला तर?"

"तर ठेव. आमाला वळायचं काम हाय."

मी दावं दुमडलं आणि वळायला लागलो. वळण नीट पडत नव्हतं. पण थांबलो नाही. मुकादम उभा राहून बघत राहिला. ज्याच्याशी कुणी भांडत नाही असा माणूस भर रस्त्यात उभा राहिला की कसा दिसतो ते मी पहिल्यांदा बघितलं. आपण काय घेऊन आलो होतो ते विसरल्यासारखा. अकरा वर्षांपूर्वी मारुतीही असाच दिसला असता. मी बघायला थांबलो नाही.

तेवढ्यात डंपरचं इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला. मुकादम ओरडला, "कुनी सांगितलं बंद कराय?" ड्रायव्हर म्हणाला, "डिझेल काय फुकट येतंय? साहेब येऊ देत की." आणि आमच्याकडं वळून म्हणाला, "लुगड्याचं वळताय व्हय, मामा? आमची आजी वळायची." मग तो बाभळीखाली जाऊन तंबाखू मळत बसला.

मुकादमानं पाय कधी काढला ते मी बघितलं नाही. वर बघितलं तेव्हा मोटारसायकल लांब गेली होती.

बाराला जीप आली. साहेब तरुण पोरगा होता, बरोबर तलाठी. खड्डा मोजला, पंचनामा लिहिला, बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. पुढचा आदेश येईपर्यंत खोदाई बंद, असं तोंडानं सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एकीनं विचारलं, "मग उद्या बसायचं न्हाय?" सुशीलाअक्का म्हणाली, "का न्हाय? त्या कागदाची शाई वाळू दे की."

निघताना तिला विचारलं, "बसकूर?"

"ठेवून जावा," ती म्हणाली.

ते तिसऱ्या दिवसाचं दावं गौरव्वानं स्वतःच्या म्हशीला घेतलं. मधे ते वेटोळं तसंच राहिलंय, गाठीसारखं. मी म्हणालो, उद्या दुसरं पाठवून देतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. म्हशीला काय कळतंय? मला कळतंय." मग म्हणाली, "पन आता पंचाईत झाली बगा. थप्पडवाल्याची गोष्ट आता कशी सांगायची आमी?"

"हाय तशी सांगा," मी म्हणालो. "खोटी न्हाय ती."

वाडी

दिवस मावळायच्या आधी घरी पोचलो. सुनेला म्हणालो, जेवायला वाढ. ती म्हणाली, "एवढ्यात?" मी म्हणालो, "हं." जेवून झोपलो.

सकाळी उठून गोठ्यात गेलो. रेडकाच्या मानेला नायलॉनच होतं. खुंटीवरचं अर्धं लुगडं काढलं. त्याच्या तीन पट्ट्या केल्या, खांद्यावर टाकल्या आणि पाणंदीनं मारुतीच्या घराकडं गेलो.

तो अंगणात खाटेवर बसून चहा पीत होता. मला बघून त्यानं कप खाली ठेवला. बरीच वर्षं मी त्याला जवळनं बघितलं नव्हतं. तोंड सगळं आत गेलेलं.

"काय?" तो म्हणाला.

"दावं वळायचंय. टोक धराय मानूस न्हाय."

तो माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडं बघत राहिला. लुगडं त्यानं ओळखलं असणार. सगळ्या वाडीनं ओळखलं असतं.

"दात..." मी म्हणालो. पुढं काय म्हणायचं ते मी वाटेत ठरवलं नव्हतं.

"आता एकबी न्हाय ऱ्हायला," तो म्हणाला. "तुज्या नावावर एकच. बाकीचं आपसूक पडलं."

मग तो म्हणाला, "तुजी बायको दोन म्हैनं हितं ह्या पायरीवर बसून माज्या घरच्या शेंगा फोडत होती. रोज. एक शब्द बोलायची न्हाय. तुला म्हायत न्हवतं?"

"न्हाय."

"माज्याच शेंगा फोडायलीय, मग कुंपन कसं ठेवनार गा?"

मी पट्टी सोडली, एक टोक त्याच्यापुढं केलं.

"बसून धरू का हुबा ऱ्हाऊ?" त्यानं विचारलं.

"बस. वेळ लागतोय."

तो पायरीवर बसला आणि टोक धरलं. मी चार पावलं मागं गेलो आणि पीळ भरायला लागलो.

"ओढ जरा," मी म्हणालो.

"ओढलंय की," मारुती म्हणाला.